जळमटांची चोरी

आमच्या बेटावर गुन्हे होत नाहीत, याचं एकमेव कारण मी. निवृत्त पोस्टमन आणि कार्यरत गुप्तहेर, फिनले मॅकफेल. नजर घारीची, बुद्धी वस्तऱ्याची. गुन्हेगार मला इतके टरकून असतात की आजवर एकही समोर आलेला नाही.

परवा सकाळी लॅक्लनचा फोन आला. लॅक्लन माझा शाळासोबती आणि बेटावरच्या एकुलत्या एक व्हिस्कीच्या भट्टीचा मालक. चार पिढ्यांचा घरचा धंदा.

"फिनले, चोरी झाली रे. भट्टीघरातली सगळी जळमटं गेली."

हसू नका. तिथल्या जळमटांना हात लावाल तर व्हिस्कीची चव जाईल, असं त्याच्या आजोबांनी मरताना बजावलं होतं. तेव्हापासून तिथे कुणी साधं फडकंही नेत नाही. उन्हाळ्यात भट्टी बंद असते, तेव्हा लॅक्लन सामन मासे धरायला जातो. यंदा पाय मुरगळला म्हणून लवकर परतला, तर छत लख्ख.

"चव गेली की संपलं सगळं. आजोबांच्या नावाखाली पांचट माल मी विकणार नाही. दुपारी ग्लासगोहून बड्या कंपनीचा माणूस येतोय. भट्टी त्याच्या नावावर करून टाकतो," म्हणाला आणि चक्क रडला. मी तडक भट्टीघर गाठलं.

मी भिंग काढलं. जमिनीवरच्या धुळीत तीन गोल ठसे होते. हवेत लव्हेंडरचा वास.

"गुन्हेगाराला तीन पाय आहेत आणि तो अत्तर लावतो," मी जाहीर केलं.

"बेटावर असं कुणी नाही."

"म्हणजे बाहेरचा. बघ, वर्तुळ कसं आवळत चाललंय."

इतक्यात लॅक्लनची आई, इशबेलकाकू, चहा घेऊन आल्या. "अरे, ती जळमटं ना..."

"काकू, तपास चाललाय. साक्षीदारांनी विचारल्याशिवाय बोलायचं नसतं."

थोड्या वेळाने त्या पुन्हा आल्या. मी पुन्हा गप्प केलं. बिस्किटं मात्र ठेवून घेतली.

दुपारी कंपनीचा माणूस आला. अंगाला अत्तर, हातात छत्री. दोन पाय आणि छत्री मिळून तीन. मी त्याची कॉलर धरली.

"हे कोण?" त्याने लॅक्लनला विचारलं.

"एका वर्गात होतो," लॅक्लन खालमानेने म्हणाला आणि सहीसाठी पेन उघडलं.

तेव्हा काकूंनी दूध काढायची तिपाई आणून मधोमध आपटली. "पेन ठेव खाली. जळमटं मी काढली, हिच्यावर उभं राहून. मग छत लव्हेंडरच्या साबणाने पुसलं. सकाळपासून सांगतेय, तर हा शहाणा बोलू देईल तेव्हा ना."

"आई, तू? आजोबांनी बजावलं असताना?"

"तुझ्या आजोबांना शिडी चढायचा कंटाळा. त्यातून निघालं ते चवीचं शास्त्र. मी या घरात आल्यापासून दर उन्हाळ्यात झाडते. तू मासे घेऊन येईपर्यंत कोळी पुन्हा विणून ठेवतात. यंदा तूच लवकर टपकलास. सांग, चव बदलली कधी?"

लॅक्लनने एकदा छताकडे पाहिलं. मग त्याने पेन बंद केलं आणि पाहुण्याला बोटीची वेळ सांगितली.

मी काढता पाय घेत होतो, तर काकूंनी माझ्या हातात झाडू दिला. "तू उंच आहेस. तो कोपरा राहिलाय बघ."

मी तिपाईवर चढलो. लॅक्लन आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"मी अजून मासे धरायला गेलोय," तो म्हणाला.