जागच्या जागी दीडशे

आमच्या वरच्या मजल्यावरचे एकनाथभाऊ कदम रोज दीडशेच्या वेगाने मोटारसायकल चालवायचे आणि एक इंचही पुढे जायचे नाहीत.

थाप वाटेल, पण ती त्यांची नोकरीच होती. चाकणच्या एका कारखान्यात परदेशी जाणाऱ्या भारी मोटारसायकली बनतात. तयार झालेली गाडी शेवटी एका काचेच्या खोलीत येते. तिथे जमिनीत लोखंडी रोलर बसवलेले. चाकं त्यांवर ठेवायची, वर बसायचं आणि पिळायचा गाडीचा कान. चाकं फिरतात, रोलर फिरतात, काटा दीडशेवर जातो आणि गाडी तिथल्या तिथे. मग हॉर्न, दिवे, ब्रेक तपासायचे आणि बाहेर ओरडायचं, "ओके, पुढची!" गाडी खोक्यात, खोकं बंदरावर.

लातूर सोडून इकडे आल्यापासून भाऊंनी हेच केलं. ते अंगात इतकं भिनलं की घरची जुनी शंभर सीसीची गाडीही तपासणीशिवाय हलायची नाही. भल्या सकाळी पार्किंगमध्ये हॉर्न, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, ब्रेकचा दिवा, खात्रीसाठी पुन्हा हॉर्न. चिखलीतल्या आमच्या सोसायटीत गजराचं घड्याळ कोणी विकत घेत नसे. माझ्या पुतणीच्या लग्नात भाऊ स्टेजवर गेले, आहेराचं पाकीट दिलं, फोटो काढून घेतला आणि सवयीने मोठ्याने म्हणाले, "ओके, पुढची!" नवरदेवाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

खोक्यावर देशाचं नाव असायचं. संध्याकाळी जिन्यात भेटले की भाऊ सासरी गेलेल्या लेकींची खबर द्यावी तसं सांगायचे, "आज इटलीला धाडल्या गुर्जी. एक जर्मनीला गेली. लई गुणाची होती."

मी पडलो महापालिकेच्या शाळेतला मास्तर. प्रश्न दिसला की उत्तर द्यायची खोड. एकदा विषय निघाला, या भारी गाड्यांचं वेड त्याच देशांत एवढं का फोफावतं? मी म्हणालो, पैसा.

"पैसा आपल्याकडं बी आलाय की. वाकडला बगा. पोरं लाखांच्या गाड्या घेऊन सिग्नलला उभी. इंजिनाच्या गरमीनं मांडी भाजून निघायली, पण गाडी दुसऱ्या गिअरात जाईना."

"मग रस्ते," मी म्हणालो.

"रस्ते बी झालेत. द्रुतगती मार्ग कसा लोण्यावानी हाय. दुचाकीला बंदी हाय, एवढंच."

"मग तुम्हीच सांगा."

"तिकडं माणूस काम नसताना गाडी भाईर काढतंय गुर्जी. रविवारी उठतेत, घाटात जातेत, एक कॉफी पितेत, माघारी येतेत. आपल्याकडं काढून बगा. घरचेच इचारतेत, कुठं चाललाव? काय काम हाय? काम असंल तर शंभर सीसी पुरती. ह्या गाड्या बिनकामाच्या जाण्याला लागतेत."

त्यांची स्वतःची इच्छा एकच होती. यातली एक गाडी एकदा तरी खऱ्या रस्त्यावर चालवायची. कारखान्याचा चाचणीचा ट्रॅक खिडकीतून दिसायचा, पण तिथे वेगळी माणसं नेमलेली. रोलरवाल्याने रोलरवरच बसायचं. निवृत्ती जवळ आली तसे भाऊ त्या ट्रॅककडे जास्तच बघू लागले.

शेवटच्या दिवशी कारखान्यात कुटुंबाला बोलावतात, हारतुरे होतात आणि कंपनीची गाडी माणसाला घरी सोडते. भाऊंच्या पत्नी शालनवहिनी आदल्या वर्षीच गेल्या होत्या. मुलगी सासरी, लांब. म्हणून कुटुंबाच्या खुर्चीवर भाऊंनी मला बसवलं. साहेबांनी विचारलं, "कदम, काय पाहिजे तुम्हाला?" भाऊ म्हणाले, "एक फेरी." साहेबांनी दोन-चार फोन केले आणि चक्क परवानगी आणली.

हेल्मेट घालून भाऊ निघाले. सरळ रस्त्यावर गाडी अशी सुटली की सगळ्या खात्याने शिट्ट्या मारल्या. मी तर खुर्चीवर उभा राहिलो. पुढे वळण आलं आणि गाडी डगमगली. वेग उतरला, आणि भाऊ चक्क थांबले. दोन्ही पाय जमिनीला टेकवून, गाडी ढकलत ढकलत त्यांनी ते वळण पार केलं. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. "रोलरवर वळण कुठलं राव!" कोणीतरी ओरडलं. मीही पोट धरून हसलो. भाऊ परत आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. "वारा लागला," म्हणाले. घरी येईपर्यंत हार मांडीवर ठेवून बसून होते.

त्या रविवारी त्यांनी माझं दार वाजवलं. "गुर्जी, येता का?"

"कुठे?"

"कुठं न्हाई."

मी मागे बसलो. तळवडे गेलं, देहू गेलं, भंडाऱ्याच्या डोंगराकडे रस्ता चढू लागला. एका वळणावर त्यांनी गाडी बाजूला घेतली. खाली कारखान्यांची पत्र्याची छपरं चमकत होती. असं बिनकामाचं येणं मला बरं वाटत होतं, आणि का कोण जाणे, वाईटही.

"शालन म्हणायची, एकदा उगंच कुठंतरी फिरवून आणा. मी म्हणायचो, काम काय हाय? दवाखान्याला नेलं, लग्नाला नेलं, रेशनला नेलं. उगंच कुठं नेलं न्हाई."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"वळण आलं की ती घाबरायची," भाऊ म्हणाले. "मी डावा हात मागं नेऊन बघायचो, नीट बसली का. कामाला एकटा जाताना कधी न्हाई, पण ट्रॅकवर बिनकामाचं निघालो आन् हात मागं गेला गुर्जी. मागं कुणीच नव्हतं. मग मला वळताच येईना."