सुचणार असल्यास आधी कळवावे

ओदीलने वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी जॅझ शिकायचं ठरवलं, तेव्हा तिच्याकडे वडिलांची ट्रंपेट होती, दोन महिन्यांची मुदत होती आणि शाळेच्या बँडमध्ये कागद बघून वाजवल्याचा सहा वर्षांचा अनुभव होता. यांपैकी शेवटची गोष्ट अडचणीची होती.

मदत आणि मौज मंडळाची मिरवणूक नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी निघते. वर्षभरात मंडळाचा जो सभासद गेला असेल, त्याच्या दारापुढे ती थांबते. बँड गप्प होतो आणि त्या घरातलं एक माणूस गाण्याची एक फेरी एकट्याने वाजवतं. पाठ केलेलं चालत नाही. गेलेल्या माणसाशी बोलायचं, तर ते लिहून आणून कसं बोलणार, असं जॅझच्या या जुन्या वस्तीत, ट्रेमेत, सगळ्यांनाच वाटतं. ओदीलचे वडील मार्चमध्ये गेले होते आणि त्या घरात आता ती एकटीच उरली होती.

"नाही जमलं तर?" तिने मंडळाच्या अध्यक्षांना, मिस अर्नेस्टीनना विचारलं.

"तर मिरवणूक पुढे जाईल," मिस अर्नेस्टीन गंबोच्या दाट रश्शाचं पातेलं ढवळत म्हणाल्या. "दारापुढे थांबून काही न ऐकता पुढे गेलेली मिरवणूक मी आयुष्यात एकदाच पाहिली. त्या घरातली माणसं अजून मागच्या दाराने ये-जा करतात."

समोरच्या घरात अनातोल राहत. ओदीलच्या वडिलांच्या डाव्या हाताला उभं राहून त्यांनी एकोणचाळीस वर्षं ट्रंपेट वाजवली होती. चर्चमध्ये तिला मांडीवर घेऊन धर्मपिता झाले होते, म्हणून ती त्यांना पारँ म्हणे. सोमवार, म्हणजे वस्तीचा राजम्याचा दिवस होता; ते ओसरीवर राजमा निवडत बसले होते.

"पारँ, मला शिकवाल?"

"शिकवतो की. नाव नोंदव."

"कुठे?"

"ऑनलाइन. मुक्तस्वर अकादमी. मी त्यांचा अनुभवी कलावंत आहे, पातळी तीन."

"तुम्ही माझ्या दारापासून वीस पावलांवर बसलाय."

"तीच तर गोची आहे. साठ मैलांच्या आत कुणालाही तोंडी, हाती किंवा मानेने शिकवायचं नाही, असा करार आहे."

"मानेने?"

"मान डोलावली की तो अभिप्राय होतो." त्यांनी राजम्यातला खडा रस्त्यावर फेकला. "दातांचा विमा देतात ते, पोरी. एकाहत्तराव्या वर्षी ट्रंपेटवाल्याला देव नसला तरी चालतं, पुढचे चार दात लागतात. तुझ्या बापाने का नाही शिकवलं तुला?"

"आधी ऐक म्हणाले."

"किती वर्षं?"

"चाळीस."

"मग आता ऐकून झालं असेल," अनातोल म्हणाले आणि राजमा घेऊन आत गेले, कारण यापुढचं बोलणं मार्गदर्शनात जमा झालं असतं.

नोंदणी सोपी होती. 'कोणती भावना व्यक्त करू इच्छिता? (एकच निवडा)' या प्रश्नाखाली तीन पर्याय होते : उत्साह, हुरहूर आणि उत्साह (ज्येष्ठ नागरिक). शोक कुठे आहे, असं ओदीलने मदतकक्षाला विचारलं. ओहायोतून टॅनर नावाचे विद्यार्थी-यश अधिकारी पडद्यावर आले. ते इतके प्रसन्न होते की त्यांना काही सांगायचं तर आधी क्षमा मागावीशी वाटे.

"शोक आहे ना आपल्याकडे," टॅनर म्हणाले. "पण तो पातळी दोननंतर उघडतो. आधी हुरहूर पक्की करून घ्या."

"माझे वडील आधीच गेलेत."

"अगदी समजू शकतो. बरेच विद्यार्थी पायऱ्या गाळायला बघतात आणि मग पाया कच्चा राहतो."

ओदीलने हुरहूर निवडली.

पहिला धडा सवाल-जवाबाचा होता. गुरूने एक तुकडा वाजवायचा, शिष्याने सुचेल ते उत्तर द्यायचं. सप्टेंबरचा उकाडा होता, दोघांच्याही घराच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. अनातोलांचा सवाल रस्ता ओलांडून ओदीलच्या कानावर लगेच पडे. तोच सवाल ओहायोमार्गे पडद्यावर यायला दोन सेकंद लागत. ओदील आपली खिडकीतून आलेल्या सवालाला उत्तर देई. तिचं पहिलं उत्तर भित्रं होतं. पाचवं बरं होतं. सातव्याला अनातोल खुर्चीतून उठले. ती आपल्या बापासारखी स्वर जरा उशिरा उचलते, हे त्यांच्या लक्षात आलं. करारामुळे त्यांनी चेहरा दगडासारखा ठेवला.

तीन दिवसांनी टॅनर पडद्यावर आले. सोबत दर्जा-हमी विभागाच्या एक बाई होत्या. त्यांनी आपलं नाव सांगितलं नाही, विभाग सांगितला.

"ध्वनिमुद्रणात आपण प्रत्येक उत्तर सवालाच्या आधी दिलंय," बाई म्हणाल्या. "सरासरी दीड सेकंद आधी. प्रश्न आपल्याला कुणी फोडला?"

"मला तो खिडकीतून ऐकू येतो."

"म्हणजे बाहेरचा स्रोत." बाईंनी नोंद केली. "हा मुद्दाही आमच्याकडे आहे. आपल्या मुद्रणात मागे आणखी एक अनधिकृत वादक ऐकू येतो. आमच्या यंत्रणेच्या मते तो आमच्या अनुभवी कलावंताच्या नोंदणीकृत शैलीची हुबेहूब नक्कल करतो."

"तेच आहेत ते."

"शहाण्णव टक्के. साम्याची आमची मर्यादा सत्तर आहे."

त्या नकल्याला आवर घालण्याबद्दल अनातोलांकडे लेखी खुलासा मागवण्यात आला. 'सदर इसम मीच असून त्याला मी बऱ्याच वर्षांपासून आवरू शकलेलो नाही' असा खुलासा त्यांनी दिला. तो अपुरा ठरला. दोघांनाही धड्याच्या वेळी खिडक्या बंद ठेवण्याचा आदेश निघाला. त्या उकाड्यात अनातोल बनियनवर बसून वाजवत आणि ओदील डोक्यावर ओला टॉवेल ठेवून सवाल पडद्यावर उमटण्याची वाट बघे. वाट बघता बघता मनात आलेलं उत्तर निघून जाई आणि तिला शाळेच्या बँडमधलं काहीतरी आठवे.

कॉपीचा संशय मात्र कायम राहिला. तो दूर करण्यासाठी दर्जा-हमी विभागाने एक सोय करून दिली. विद्यार्थिनीने आपल्याला आयत्या वेळी काय सुचणार आहे, याचा आराखडा अठ्ठेचाळीस तास आधी सादर करावा. सुचण्यात चूक होणार असल्यास तिची जागा चौकोनात दाखवावी. महिन्याला तीन चुका माफ. पूर्वकल्पना न देता झालेली चूक हेतुपुरस्सर मानली जाईल.

"सोडून देते," ओदील मिस अर्नेस्टीनना म्हणाली. "येईल तसं वाजवीन."

"आठवडाभर आधी म्हणाली असतीस तर बरं झालं असतं." मिस अर्नेस्टीननी ओला हात पुसून एक कागद पुढे केला. "शहराच्या परवाना कक्षाने यंदा नवीन काढलंय. मिरवणुकीत सुचेल ते वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि उत्स्फूर्ततेचं प्रमाणपत्र. गर्दीच्या सुरक्षेसाठी म्हणे. एकाला काय सुचेल ते शंभरांना माहीत नसलं की धोका असतो."

"आणि पारँ? त्यांच्याकडे कुठलं प्रमाणपत्र आहे?"

"तो शिकवतो, म्हणून त्याला परीक्षेला बसता येत नाही. यंदा बगलेत ट्रंपेट धरून चालायचं त्याने. तसा बसतोय म्हणा त्याला सूट. रुबाबदार दिसेल."

तेव्हा ओदीलने आराखडे भरले. वाचनालयात नोकरी केलेली बाई होती, रकाने भरायचा तिला सराव होता. अनातोलही आपले सवाल आधी लिहून पाठवू लागले. धड्याला दोघांनी बसायचं आणि पाठवलेलं वाजलं की नाही हे ताडून बघायचं. एकदा ओदीलला मध्येच खरोखर काही सुचलं, तर तिने दचकून ते गिळलं आणि ठसका लागल्यासारखं केलं. त्या धड्याला तिला आजवरचे सर्वाधिक गुण मिळाले.

ऑक्टोबरअखेर निकाल लागला. 'उत्स्फूर्तता, श्रेणी अ, वैधता दोन वर्षे.' शेऱ्यात म्हटलं होतं, 'अपेक्षेबाहेर काहीही आढळले नाही.' टॅनर यांनी पडद्यावर टाळ्या वाजवल्या आणि शोक सवलतीत उघडून दिला, पण त्यात पाहण्यासारखा एकच धडा होता आणि तो डोळे मिटून श्वास घेण्याचा होता.

मिरवणुकीच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. मंडळाने पुढच्या कापडी फलकावर ओदीलच्या वडिलांचं नाव सोनेरी अक्षरांत शिवून घेतलं होतं. पिसांच्या पंख्यांची आणि छत्र्यांची गर्दी कोपरा वळून तिच्या दारापुढे आली आणि थांबली. बँड गप्प झाला. परवाना कक्षाचा माणूस हातात तिचा मंजूर आराखडा घेऊन पायरीशी उभा राहिला. रस्ताभर फोन वर गेले. एरवी अशा वेळी लोक टाळीने ताल धरतात. आता कुणाचा हात मोकळा नव्हता.

ओदीलने आराखड्याप्रमाणे सुरुवात केली. पहिली ओळ बरोबर आली, दुसरी बरोबर आली. परवाना कक्षाच्या माणसाने दोन्हींवर खूण केली. तिसऱ्या ओळीला तिने श्वास घेतला, तेव्हा समोर अनातोलांच्या ओसरीवर वडील बसत त्या रिकाम्या खुर्चीकडे तिची नजर गेली, आणि लिहून दिलेलं सगळं नाहीसं झालं. दोन मात्रा काहीच वाजलं नाही. मग जे आलं ते खालच्या स्वरातून, उशिरा उचललेलं, कुठल्याही चौकोनात न मावणारं होतं. वर चढताना तो स्वर मधोमध फुटला. तिने तो सावरला नाही. फुटलेलाच धरून ठेवला. कडेने अनातोलांची ट्रंपेट बगलेतून ओठांवर आली आणि त्या फुटक्या स्वराला त्यांनी हळूच खालून हात दिला. कुणीतरी फोन खिशात घातला. मग टाळी पडली. मग सगळा रस्ता नाचू लागला.

"तेराव्या मात्रेपासून आराखड्याबाहेर," परवाना कक्षाचा माणूस म्हणाला.

"मग चल नाचत," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या. "रस्त्यात उभा राहिलास तर धोका तूच."

अनातोल त्या रात्री करार काढून बसले आणि जिभेने एकेक दात चाचपत राहिले. पण अकादमीचं पत्र आलं ते अभिनंदनाचं होतं. मिरवणुकीची चित्रफीत तोवर चौदा लाख लोकांनी पाहिली होती. वाजवणारी अकादमीची विद्यार्थिनी, साथ देणारा अकादमीचा कलावंत, तेव्हा घडलं ते पाठ्यसाहित्य होतं. आणि पाठ्यसाहित्याने कराराचा भंग होत नाही. दात वाचले.

शोकाच्या जवळजवळ रिकाम्या पातळीत आता तोच मुख्य धडा आहे : 'स्वर फोडण्याचे तंत्र.' फलकामुळे पडद्यावरची जागा अडत होती, म्हणून चित्रफीत वरून कापली आहे. सोनेरी अक्षरांचा खालचा काठ तेवढा दिसतो. तेराव्या मात्रेपासून अनिश्चितता अपेक्षित आहे. एकोणिसाव्या मात्रेला स्वर फोडायचा, तो न फुटल्यास तीन गुण वजा. नॉर्वेतल्या एका दंतवैद्याने तो इतका सुरेख फोडला की त्याला श्रेणी अ मिळाली.

आजवर साडेअकरा हजार जणांनी हा धडा पुरा केला आहे. त्यांनी अकादमीकडे चार हजारांवर शंका पाठवल्या : ओठ किती सैल ठेवायचा, श्वास कुठे तोडायचा, डोळ्यांत पाणी येणं सक्तीचं आहे का. ज्याच्यासाठी तो स्वर फुटला, त्या माणसाचं नाव काय, असं मात्र एकानेही विचारलेलं नाही. तुम्हीही इथवर वाचत आलात, आणि तुम्हालाही ते विचारावंसं वाटलं नाही.