दिगूभाऊंच्या यंत्रांची आत्या

आमच्या शेजारच्या दिगूभाऊंनी एकदा कोतवालाला तीन दिवसांसाठी निलंबित केलं होतं. तसा हुकूम वहीच्या कागदावर लिहून भिंतीला चिकटवला होता. गुन्हा असा, की फाटकातून शेळी आत आली आणि त्यानं "पावणे आले" अशी वर्दी दिली. वहिनींनी चहा टाकला.

कोतवाल म्हणजे तळहाताएवढा संगणक. जिंतूरमधलं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून भाऊंना असल्या यंत्रांचा नाद लागला. कोतवाल कॅमेऱ्यातून फाटक राखी, गुरव पहाटे भूपाळी लावी, तलाठी पावसाची नोंद ठेवी. "नाव न्हाई तर काम न्हाई," हा भाऊंचा कायदा.

आणि नाव रीतसर बारसं करूनच. फळीवर यंत्र, पुढ्यात घुगऱ्या, आत्या म्हणून शेजारची मी. त्याच्या बारीक छिद्रांशी तोंड नेऊन मी कुर्र करायचं आणि वहिनींनी माझ्या पाठीत धपाटे घालायचे. वहिनी म्हणत, "मलाबी एक नाव ठिवा. म्हंजी तीन दिवस सुट्टी तरी भेटंल." माझे यजमान दारात उभे राहून हसत.

मागच्या वर्षी ते गेले. शाळेच्या ग्रंथालयातली माझी नोकरी आधीच संपली होती. मी पुस्तकं घेऊन घरातच बसू लागले.

खिडकीतून भाऊ रोज गच्चीवर दिसत. दुखऱ्या गुडघ्यांनी चढायचे, टाकीत डोकावत बसायचे, भरली की उतरून मोटर बंद करायचे. वय झालं, असं मला वाटलं. मग वहिनी भाजी द्यायला आल्या तेव्हा कळलं, की टाकी भरल्यावर मोटर बंद करणारं यंत्र चार महिने घरात पडून आहे. बारसं झालेलं नाही. वहिनी म्हणाल्या होत्या, मी ठेवते नाव. तर भाऊ दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

मी गेले. भाऊ जिन्यातच भेटले.

"भाऊ, मला आता बारशाला बोलवत नसतात."

"कोन म्हनतंय?" कठडा धरून ते थांबले. "आमच्यात आत्या बदलायची रीत न्हाई, ताई. तुमाला जवा वाटंल तवा या. तवर मी चढायलोय की."

मी आत जाऊन यंत्र फळीवर ठेवलं, वाकले आणि म्हणाले, "भगीरथ."

भाऊ पाठ फिरवून वायर जोडू लागले. बराच वेळ जोडत होते. वायर एकच होती.