सगळ्यांनी मिळून बघण्यासारखो पिच्चर

"अहो, आज टीव्ही बंद ठेवया," देवकी स्वयंपाकघरातून म्हणाली. पण पार्से गावचे गोकुळदास ऐकतील तर शपथ! मागच्या खेपेला लेकीला, सेजलला बघायला पाहुणे आले, तेव्हा टीव्हीवर आजकालची कुठलीशी मालिका चालू होती. तिच्यातल्या पोराने बापासमोर अशी शिवी हासडली, की पाहुणे अर्धा चहा टाकून उठले. आज डिचोलीहून गौरेश आणि त्याची आई जानकीबाई येणार होते. मुलगा सेजलला फोटोत का होईना, पण आवडला होता. असं पहिल्यांदाच घडत होतं. आज काही बिनसून चालणार नव्हतं.

पाहुणे येऊन बसताच गोकुळदासांनी तरुणपणी पेडण्याच्या तंबूत पाहिलेला सिनेमा लावला. "जुनो पिच्चर. एक घाण शब्द नाय. सगळ्यांनी मिळून बघण्यासारखो!"

घाण शब्द खरंच नव्हता. पोहे खाऊन होताहेत तोवर पडद्यावर नायिकेला बघायला एक काळासावळा मुलगा आला आणि तिच्या मैत्रिणी किंचाळत पळाल्या. गौरेशचा रंग अगदी तोच. त्याने चमचा हळूच बशीत ठेवला.

"ता आपला विनोदी आसा," गोकुळदास म्हणाले. कोणीही हसलं नाही.

मग नायिका मोटार चालवायला लागली आणि सगळं गाव तिच्या नावाने बोटं मोडू लागलं. वीजखात्यात इंजिनिअर असलेली सेजल बापाकडे रोखून बघत होती. इतक्या वर्षांत गोकुळदासांच्या लक्षात राहिली होती ती फक्त गाणी. ते रिमोट शोधायला उठले.

"राहूंदे हो," जानकीबाई म्हणाल्या. "बघूया पुढे काय करतत."

पुढे नवऱ्याने थोबाडीत मारली. नायिकेने त्याचे पाय धरले, वर "माझे डोळे उघडलेत" असंही म्हणाली.

"तुमका काय वाटता?" सेजलने गौरेशला सरळच विचारलं.

"माका पोरींनी पयल्याच सीनात हाकलून दिल्यानी," गौरेश म्हणाला. "माजो पिच्चर थंयच संपलो."

सेजल खो खो हसली. मग जानकीबाईही हसल्या. लग्न जमलंच म्हणायचं! गोकुळदासांना एकदम उभारी आली. "ही थापड आमका तेव्हा पण आवडूक नाय हां!"

"खोटा बोलू नका," देवकी दारातून म्हणाली. "तुम्ही शिट्टी मारलात. मी पाठच्या रांगेत होतंय. मगे तुमचाच स्थळ इला, तेव्हा बापाशीक सांगितलंय, असलो नवरो माका नको."

"मगे?" जानकीबाई पुढे सरकल्या.

"मगे काय? माका कोण विचारता? लगीन झाला."

गोकुळदासांनी घसा खाकरला. आवाज अगदीच बारीक निघाला.

"आणि आता मी विचारलंय तर?"

देवकीने बशा गोळा केल्या.

"पाहुण्यांक जावंदेत. विचार करून सांगतंय."