रजेची लढत

टक्. टक्टक्. टक्. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधल्या शांततेत बटणं वाजत होती, आणि ती दाबत होती लेक नव्हे, आई.

"चमक आता! तीन बटणं एकदम!" लेक ओरडली.

पडद्यावरच्या योद्ध्याचे केस उभे राहिले, अंगातून सोनेरी जाळ निघाला, आणि त्याचं पेटणं पुरं होईपर्यंत समोरचा राक्षस सभ्यपणे थांबून राहिला. आईला हा खेळ आवडला तो याचसाठी. इथे मारणारा आधी आपल्या फटक्याचं नाव ओरडून सांगतो. ऑफिसात फटका आधी बसतो, नाव मागाहून कळतं.

खेळ घरात आला तोही ऑफिसमुळेच. कर्मचारी ताजेतवाने राहावेत म्हणून साहेबांनी जपानी कार्टूनवरचा हा मारामारीचा खेळ आणवला आणि परिपत्रक काढलं: यापुढे रजा साहेबांशी लढून जिंकावी. आईला शुक्रवारची रजा हवी होती, म्हणून सरावासाठी खेळ घरीही आला. शाळेच्या नाटकात लेक झाड होणार होती. झाडाला एकच वाक्य होतं, आणि ते आईकडे बघून म्हणायचं ठरलं होतं.

"जिंकायची तयारी करताय?" हेडक्लार्कने चष्म्यावरून विचारलं. "अहो ताई, ज्याने साहेबांना हरवलं त्या टायपिस्टची बदली तळघरात झाली. जुन्या फायली झटकतोय बिचारा. आपण हरायचं. साहेब खूश झाले की रजा देतात."

"एवढंच ना? सोपं आहे."

"सोपं? कॅशियरबाई पहिल्याच फटक्यात आडव्या झाल्या. साहेब म्हणाले, हा माझा अपमान आहे. रजा नामंजूर! हार कशी, अटीतटीची दिसली पाहिजे."

मग ऑफिसात हरण्याचा सराव सुरू झाला. कामं काय, ती थांबतातच. कॅशियरबाईंनी शिकवणी लावली. हेडक्लार्कने जेवणाच्या सुट्टीत 'ऐन वेळी हात थरथरणे' या विषयावर व्याख्यान दिलं. लगेच ते सर्वांना सक्तीचं झालं.

लढतीच्या दिवशी आई अशी काही लढली की बघणारे श्वास घ्यायला विसरले. साहेबांचा योद्धा एका फटक्यावर आला. तिची बोटं त्या तीन बटणांवर टेकली. आणि तिने ती उचलून घेतली.

साहेब जिंकले. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात वाजवत होते ते आधी हरलेले. अर्जावर सही झाली.

"मिळाली रजा!" घरात शिरताच तिने लेकीला उचललं.

"म्हणजे चमकलीस?"

"नाही गं."

"विसरलीस?"

"नाही."

पुठ्ठ्याची फांदी हातात धरून लेक तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुला येतं ना, आई? मग चमकली का नाहीस?"