हिंगणीच्या वळणावरचा सडा

चंद्रभानने मुलगी बघायला फटफटीवर जायचं, असं मामांनी ठरवलं तेव्हा त्याला ती धड चालवताही येत नव्हती. फटफटी मामांची, लष्कराच्या लिलावातली, हौसही मामांचीच. "सायकलवाल्या नवरदेवाले कोन पुसते?" असं बबनरावमामांचं मत. चंद्रभानने कोकिळेला सेलूच्या बाजारात ओझरतं पाहिलं होतं आणि तेव्हापासून तो दुसऱ्या स्थळाचं नाव काढू देत नव्हता. त्यामुळे तो निमूटपणे गाडीवर बसला.

सिंदी मेघेहून हिंगणीपर्यंत मागे बसलेल्या मामांची शिकवणी चालू होती.

"वळनावर घसरली तं काय करशीन?"

"बिरेक दाबीन."

"मेलास! बिरेकले शिवाचं बी नाई. रेस हळूच कमी कराची अन् जिकडं जाचं तिकडंच पाहाचं. नजर जिकडं, गाडी तिकडं. ध्यानात ठेवजो."

हिंगणीत कोकिळेच्या वडिलांचं, नानाजींचं घर नेमकं वळणावर होतं. पाहुणे यायचे म्हणून दारात शेणाचा सडा पडला होता, आणि तोही इतका सढळ हाताने की अंगण ओलांडून रस्त्यावर आला होता. मागचं चाक त्यावर आलं आणि फटफटी एकदम तिरकी सरकली. चंद्रभानने मामांचं सगळं ऐकलं. ब्रेकला शिवला नाही, रेसही कमी केली. फक्त पाहायचं होतं रस्त्याकडे, आणि दारात बादली घेऊन कोकिळा उभी होती.

फटफटी रांगोळीवरून, नानाजींच्या धोतराला वारा घालत, थेट गोठ्यापुढच्या कडब्यात घुसून थांबली. चंद्रभान अजून गाडीवरच होता. मामा मात्र आधीच उतरले होते. म्हणजे सड्यात बसले होते.

"रस्ता तिकडं, अन् तुमी इकडं काऊन आले?" नानाजी कडाडले.

मामांना भाच्याची बाजू सावरायची होती. "त्याची चूक नाई जी. फटफटीचं असंच असते. चालवनारा जिकडं पाह्यते, तिकडंच जाते."

बोलून झालं आणि सगळ्यांच्या माना हळूहळू दाराकडे वळल्या. कोकिळा आत पळाली. कडब्याने आपल्याला पुरतं झाकून टाकावं, असं चंद्रभानला वाटलं.

"म्हंजे दाखवाच्या आधीच पोरीले पाहून राह्यलता!" नानाजी गरजले. "जा तुमी. नाई जमत."

तेवढ्यात आतून कोकिळेचा आवाज आला, "बाबा, सडा मीच मुद्दाम जास्त टाकलता."

"काऊन?"

"मले लग्न नव्हतं कराचं. आधीचे दोघं बी तिथंच पडले अन् लाजून वापस गेले." मग जरा थांबून ती म्हणाली, "हे नाई पडले."

नानाजींचा राग कुठे जावं ते न कळून तिथेच विरला. त्यांनी स्वतः सतरंजी अंथरली. रिवाजाप्रमाणे कोकिळा पाटावर येऊन बसली.

"विचारा," नानाजी पुटपुटले, "पोरीले काय विचाराचं ते."

चंद्रभानने केसांतली कडब्याची काडी काढली आणि प्रथमच मान खाली घातली.

"विचाराचं काई नाई जी. फक्त लग्नाच्या दिवशी सडा दुसऱ्या कोनाले टाकू द्या."