तीनशे बारा निरोप

बंगळूरच्या एका मोठ्या रुग्णालयात रुग्ण वारला, की घरच्यांना सकाळी नऊ वाजता मोबाइलवर शोकसंदेश जाई. हे काम एक प्रोग्राम करी. तो लिहिणारा माणूस कॅनडाला गेल्यापासून त्या एकशे चाळीस ओळी कुणालाच कळत नव्हत्या. एका प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न, त्याच्या पोटात तिसरा. चेन्नकेशवने चार दिवस बसून त्याच्या अकरा ओळी केल्या.

नव्या पद्धतीत डेटाबेसला प्रश्न विचारला, की 'await' असा एक शब्द लिहायचा, म्हणजे प्रोग्राम उत्तर येईपर्यंत थांबतो. हा शब्द एका जागी लिहायचा राहून गेला. मग 'हा रुग्ण वारला का?' याला उत्तराऐवजी 'सांगतो' एवढं आश्वासन मिळतं, आणि जावास्क्रिप्ट या प्रोग्रामच्या भाषेत आश्वासन होकारात धरतात. भाषा परदेशी असली तरी स्वभाव ओळखीचा.

चाचणीत हे दिसलं नाही. चाचणीसाठी चेन्नाने दहा खोटे रुग्ण केले होते आणि सोयीसाठी दहाही मारून ठेवले होते. दहाला दहा संदेश गेले. टीम लीड पूर्णिमाने पाठ थोपटली.

मंगळवारी सव्वानऊला तिने त्याला बोलावलं.

"चेन्ना, दाखल किती आहेत?"

"तीनशे बारा."

"मेले किती?"

"रजिस्टरप्रमाणे एक."

"आणि आपल्याप्रमाणे?"

चेन्नाने अकरा ओळी पुन्हा वाचल्या. राहिलेला शब्द त्याने चार सेकंदांत घातला आणि तीनशे अकरा दिलगिऱ्या पाठवल्या. मग त्याला आठवलं, की चौदा नंबरच्या खाटेवर त्याचे वडील आहेत. हृदयाची झडप बदललेली. धक्का बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि फॉर्मवर नातेवाइकाचा नंबर म्हणून त्याने वडिलांचाच दिला होता; आपला नंबर तो कुठेच देत नसे. कुठे दिलेला नंबर कुठे पोचतो, हे त्याला धंद्यामुळे माहीत होतं.

त्याने सहा वेळा फोन केला. अप्पांनी उचलला नाही. रिक्षात त्याने सातव्यांदा केला.

अप्पा खाटेवर बसून इडली खात होते.

"अप्पा, तो मेसेज..."

"वाचला. शुद्धलेखन बरं आहे."

"मग फोन का नाही उचललात?"

"मेलेल्यानं उचलायचा असतो का?" अप्पांनी चटणी पुसून घेतली. "चार दिवस उद्या येतो, उद्या येतो चाललं होतं. गेल्याचं कळल्यावर चाळीस मिनिटांत आलास. आधी कळलं असतं तर शनिवारीच गेलो असतो."

चेन्ना खुर्ची शोधू लागला. पंधरा नंबरची खाट रिकामी होती, चादर घडी करून ठेवलेली.

"पुट्टस्वामींना घरी सोडलं?"

"पहाटे गेले."

रजिस्टरमधला एक तो हा. चेन्ना खाटेच्या कडेवर टेकला.

"मुलगा तुमकूरला असतो," अप्पा म्हणाले. "मी मघाशी त्याला फोन केला. म्हटलं, कधी निघतोस? तर हसला. म्हणाला, काका, घाबरू नका, सगळ्यांनाच तसा मेसेज आलाय. नातेवाइकांच्या ग्रुपवर सांगितलंय, मशीनची चूक आहे."

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. म्हणाला, तुम्हीही मेलाच होतात ना सकाळी?"

अप्पांनी ताटली बाजूला सारली आणि स्वतःचा फोन त्याच्यापुढे धरला.

"लाव. आता तू सांग."

चेन्नाने नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. त्याने फोन कानाशी धरला आणि उत्तर येईपर्यंत थांबला.